दीडशे यार्डांची रायफल

मार्लिन या अमेरिकन कंपनीने १९९८ साली आपल्या १८९५ या लिव्हर रायफलीच्या मॉडेलची नळी साडेअठरा इंचांवर आणली आणि त्या रायफलीला 'गाइड गन' असं नाव दिलं. अलास्कात शिकाऱ्यांना मूसच्या किंवा अस्वलाच्या मागावर नेणारे वाटाडे डोळ्यांपुढे ठेवून ती घडवली होती. होडीत, छोट्या विमानात, आल्डरच्या दाट झुडपांत कुठे अडकणार नाही इतकी ती आखूड आणि गोळी मात्र साडेअकरा मिलिमीटरहून जाड. ही जोडी लोकांना आवडली. आज हेन्रीसारख्या दुसऱ्या कंपन्याही अशा रायफली बनवतात आणि दुकानात त्या फार दिवस पडून राहत नाहीत.

मागणीबरोबर ऐकीव गोष्टीही पसरल्या. काही काउबॉय सिनेमांतून आल्या, काही जाहिरातींतून, काही शेकोटीभोवतीच्या गप्पांतून. माझ्या मते त्यांतल्या बहुतेकांचं मूळ एकच आहे. ही रायफल साधारण दीडशे यार्डांच्या, म्हणजे १३५-१४० मीटरच्या आतल्या कामासाठी आहे, हे लोक विसरतात. ही मर्यादा मनापासून मान्य केली की काय घ्यायचं, तिच्यावर काय बसवायचं आणि काय दुकानातच ठेवायचं, हे ठरवणं सोपं होतं.

पहिला गैरसमज काडतुसाबद्दल. या रायफलीचं .४५-७० हे काडतूस अमेरिकेच्या सैन्याने १८७३ मध्ये स्वीकारलं. नावातले ४५ म्हणजे इंचाचे शंभरांश आणि ७० म्हणजे काळ्या दारूचं वजन, ग्रेनमध्ये. ७० ग्रेन म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम. गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे २६ ग्रॅमची. 'दीडशे वर्षांपूर्वीच्या काडतुसात आता कसला दम?' असं विचारलं जातं. पण आजच्या .३०-०६ या शिकारीच्या काडतुसाची नेहमीची १८० ग्रेनची गोळी या गोळीच्या निम्म्याहूनही हलकी असते. .४५-७० ची जड गोळी सेकंदाला १,३३० फुटांच्या आसपास, म्हणजे आजच्या मानाने सावकाश निघते. पण जवळच्या अंतरावर मोठ्या जनावराच्या अंगात ती खोल जाते आणि सहसा फुटून विखुरत नाही.

त्याच्या उलट गैरसमज जास्त घातक आहे. .४५-७० लिहिलेलं कुठलंही काडतूस .४५-७० च्या कुठल्याही रायफलीत चालतं, असं काही जण धरून चालतात. काडतूस चेंबरमध्ये बसतं हे खरं, पण त्यातला दाब सारखा नसतो. अमेरिकेतल्या काडतूस उद्योगाच्या मानकात या काडतुसाचा कमाल दाब दर चौरस इंचाला २८,००० पौंड इतका खाली ठेवला आहे. कारण १८७३ च्या 'ट्रॅपडोअर' स्प्रिंगफील्ड रायफली अजून लोकांच्या घरांत आहेत आणि काही जण त्या उडवतातही. काही छोटे उत्पादक मात्र आजच्या मार्लिनसारख्या रायफलींसाठी याहून बराच जास्त दाब देणारी काडतुसं बनवतात. तसं काडतूस जुन्या ट्रॅपडोअरमध्ये घातलं तर रायफल हातात फुटू शकते. डब्यावर ते कोणत्या रायफलीसाठी आहे ते छापलेलं असतं, ते दर वेळी वाचायचं. घरात दोन्ही प्रकारच्या रायफली असतील तर काडतुसांचे डबे वेगवेगळ्या कपाटांत ठेवावेत.

आता नळीची लांबी. चार इंच कापले की चौथाई जोर गेला, असा एक ढोबळ हिशेब ऐकू येतो. लहान बोअरच्या, भरपूर दारूच्या वेगवान काडतुसांत आखूड नळीने खरंच बराच तोटा होतो. इथे तसं होत नाही. नळीचा व्यास मोठा आहे, दारू लवकर जळून जाते आणि गोळीला मिळायचा बहुतेक रेटा सुरुवातीच्या काही इंचांतच मिळतो. २२ इंचांवरून साडेअठरावर आलं तर वेग सेकंदाला काही डझन फुटांनीच घटतो, आणि शंभर यार्डांवरचं एल्क त्या फरकाने काही वाचत नाही. आखूड नळीची खरी किंमत कानांना मोजावी लागते. नळीचं तोंड चेहऱ्याच्या जवळ येतं आणि आवाज तेवढाच जवळ येतो. सुरुवातीच्या गाइड गनच्या नळीला तोंडाजवळ छिद्रं पाडलेली असत. त्याने नळी कमी उसळे, पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे कान बधिर होत. पुढे कंपनीने ती छिद्रं बंद केली ते बरंच झालं. आताच्या काही मॉडेलांत नळीच्या तोंडाला सायलेन्सरसाठी आटे पाडलेले येतात. काही राज्यं सोडली तर अमेरिकेत तो कायदेशीरपणे बसवता येतो. तो नको असेल तर सराव करताना कानांवर संरक्षण हवंच.

'शॉर्ट बॅरल्ड रायफल' ही अमेरिकन कायद्यातली वेगळी संज्ञा आहे, त्यामुळे गाइड गनलाही खास नोंदणी लागते असं काहींना वाटतं. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टखाली १६ इंचांहून आखूड नळीची किंवा एकूण लांबी २६ इंचांहून कमी असलेली रायफल त्या वर्गात मोडते. साडेअठरा इंचांची गाइड गन त्यात येत नाही. पण 'अजून थोडी कापून घेऊ' म्हणून कोणी लोहाराच्या कामाला हात घातला आणि नळी १६ च्या खाली गेली, तर परवानगीशिवाय केलेलं ते कृत्य संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. त्या वर्गावरचा २०० डॉलरचा कर २०२६ च्या सुरुवातीपासून शून्य झाला आहे. आधी मंजुरी घेण्याची आणि नोंदणीची सक्ती मात्र तशीच आहे, आणि राज्यांचे नियम वेगळेच.

मला सर्वांत जास्त खटकणारा समज म्हणजे 'ब्रश गन'. जड आणि संथ गोळी फांद्या-काटक्या तोडत सरळ जनावरापर्यंत जाते, असं पिढ्यान्पिढ्या सांगितलं गेलं आहे. काटक्यांच्या आड लक्ष्य ठेवून ज्यांनी नीट चाचण्या केल्या, त्यांना प्रत्येक जातीच्या गोळीची दिशा बदललेली दिसली. जड गोळी थोडी कमी ढळत असेल. पण किती ढळेल, हे चाप ओढण्याआधी कोणालाच सांगता येत नाही. झुडपातून झाडलेली गोळी पोटात किंवा पायात लागते, जनावर पळून जातं आणि दोन दिवस तडफडून मरतं. झाडीत आखूड रायफल चांगली ती खांद्याला लवकर लागते म्हणून. मोकळी फट मिळेपर्यंत थांबावंच लागतं आणि ती मिळाली नाही तर रायफल खाली घ्यावी लागते. शिकारीच्या बाजूने किंवा विरोधात कुणाचं काहीही मत असो, एवढं तरी त्या जनावराचं देणं आहे.

लिव्हर रायफलीचा नेम वाईट, हेही सरसकट खरं नाही. दस्त्याचे दोन तुकडे आणि नळीला टांगलेली मॅगझीनची नळी यांमुळे ती चांगल्या बोल्ट रायफलीइतकी काटेकोर नसते, पण शंभर यार्डांवर दोन-तीन इंचांच्या वर्तुळात गोळ्या टाकते. एल्कच्या काळीज-फुप्फुसांचा पट्टा त्याहून कितीतरी रुंद असतो. अडचण गोळीच्या वाटेची आहे. शंभर यार्डांवर नेम बसवलेली ४०५ ग्रेनची साधी गोळी दोनशे यार्डांवर सुमारे दोन फूट खाली पडते. म्हणून मी दीडशेचा आग्रह धरतो.

टोकदार गोळी वापरली तर वाट सपाट होईल, हा विचार मनात येतोच. पण नळीच्या मॅगझीनमध्ये काडतुसं एकामागे एक ओळीने बसतात आणि मागच्याचं टोक पुढच्याच्या टोपीला टेकतं. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने पुढचं काडतूस मॅगझीनमध्येच उडू शकतं. म्हणून या गोळ्या चपट्या टोकाच्या असतात. हॉर्नाडी कंपनीने 'लिव्हरेव्होल्यूशन' काडतुसांत मऊ, दबणारं टोक देऊन यातून वाट काढली. तिची ३२५ ग्रेनची गोळी शंभर यार्डांवर तीन इंच वर लागेल अशी बसवली तर दोनशेवर चारेक इंच खाली लागते. तीनशेवर मात्र तीही दोन फुटांहून जास्त खाली जाते.

धक्क्याबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात. सुमारे सात पौंडांच्या, म्हणजे सव्वातीन किलोंच्या रायफलीतून साधी ४०५ ग्रेनची काडतुसं झाडली तर धक्का .३०-०६ च्या जवळपास असतो. जास्त दाबाच्या जड काडतुसांनी तो दुप्पट होतो, आणि दुप्पट धक्क्याने माणूस चाप ओढायच्या आधी डोळे मिटू लागतो. डोळे उघडे ठेवून मारलेली साधी गोळी डोळे मिटून मारलेल्या दणदणीत गोळीपेक्षा केव्हाही चांगली. दस्त्याच्या बुडाला जाड रबरी पॅड लावणं हा म्हणूनच सर्वांत शहाणा खर्च.

साजाचा भाग इथेच सुरू होतो आणि बहुतेक पैसे इथेच वाया जातात. रेल, टॉर्च, दुर्बीण, काडतुसांचे पट्टे असं सगळं चढवलं की सात पौंडांची रायफल नऊ-दहावर जाते. मग आखूड नळी घेतली कशासाठी? माझ्या यादीत पॅडनंतर खांद्याचा पट्टा येतो आणि मग पीप साइट. आखूड नळीत पुढची माशी आणि मागची खाच जवळ येतात, त्यामुळे नेमातली बारीक चूक लक्ष्यावर मोठी होते. मागची साइट काढून रिसीव्हरच्या मागच्या टोकाला गोल छिद्राची साइट बसवली की ते गमावलेलं अंतर परत मिळतं, आणि अंधुक उजेडात ती खाचेपेक्षा लवकर जुळते.

दुर्बीण हवीच असेल तर कमी वाढीची, एकपट ते चारपट पुरे. लिव्हर रायफलीवर दुर्बीण बसतच नाही हा समज जुन्या विंचेस्टर ९४ मुळे पसरला, कारण ती रिकामं काडतूस वर फेकत असे. मार्लिनने १८८९ च्या मॉडेलपासूनच माथा बंद ठेवून काडतूस बाजूला फेकायला सुरुवात केली होती, त्यामुळे तिच्यावर दुर्बीण थेट वर बसते. ती बुटकी बसवली की घोड्यापर्यंत अंगठा पोचत नाही. त्यासाठी घोड्याला बाजूला निघालेली छोटी आकडी लावतात. स्वस्त वस्तू आहे, विसरू नये. धक्क्याने दुर्बिणीचे स्क्रू ढिले होतात, तेही अधूनमधून तपासावे लागतात.

मोठ्या कडीचा लिव्हर जॉन वेनच्या १९३९ च्या 'स्टेजकोच'मुळे डोळ्यांत भरला. रायफल हवेत गरगर फिरवणं सिनेमातच ठीक. भरलेल्या हत्याराशी तसं कोणी करू नये. जाड हातमोज्यांत बोटं मावतात एवढाच मोठ्या कडीचा खरा उपयोग, म्हणून थोडी मोठी पुरते. उलट लिव्हर हळुवार, जपून चालवावा हा समज घातक आहे. अर्धवट, भीत भीत हलवलेला लिव्हरच काडतूस अडकवतो. तो पूर्ण आणि ठामपणे खाली-वर करायचा.

लिव्हर रायफल नळीच्या तोंडाकडूनच साफ करावी लागते, असंही म्हणतात. तोंडाकडून गज घातला की आट्यांची कड झिजते आणि नेम बिघडतो. मार्लिनमध्ये लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर आणि बोल्ट बाहेर येतात आणि नळी मागून साफ करता येते. स्टेनलेस आहे म्हणून गंजणार नाही, यावरही विसंबू नये. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तीही गंजते, फक्त उशिरा.

अस्वलासाठी सर्वांत खात्रीची वस्तू हीच रायफल, असं अलास्कात जाणाऱ्याला हमखास सांगितलं जातं. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी १९८५ ते २००६ मधल्या अलास्कातल्या घटना तपासून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वलांचं नको ते वागणं ९२ टक्के वेळा थांबलं होतं. त्यांच्याच २०१२ च्या अभ्यासात, बंदूक वापरलेले आणि जवळ असूनही न वापरलेले लोक यांच्या दुखापतींत फरक आढळला नाही. धावत्या अस्वलावर नेम धरणं फार थोड्यांना जमतं. म्हणून अस्वलांच्या मुलखात रायफल असली तरी कमरेला फवारा हवा. स्वसंरक्षणात अस्वल मारलंच, तर अलास्काच्या नियमांप्रमाणे त्याचं कातडं आणि कवटी सरकारजमा करावी लागते.

मराठी वाचकाची गल्लत वेगळीच होते. केनेथ अँडरसनच्या शिकारकथांत .४०५ विंचेस्टर येते, तीही लिव्हरची आणि तिचं मॉडेलही १८९५. पण ती वेगळ्या कंपनीची आणि वेगळ्या घडणीची. जॉन ब्राउनिंगने तिला खाली पेटीसारखं मॅगझीन दिलं होतं, म्हणून तिच्यात टोकदार गोळ्या चालत. थिओडोर रूझवेल्टने १९०९ मध्ये आफ्रिकेत नेली तीही विंचेस्टरच. आजची मार्लिन १८९५ ही १९७२ पासूनची, मार्लिनच्याच ३३६ या मॉडेलच्या पायावर उभी. मार्लिनच्या जुन्या १८९५ चं उत्पादन १९१७ मध्येच थांबलं होतं.

अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मराठी माणसाने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर रायफल किंवा काडतूस बाळगायला संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. मित्राची रायफल सरावापुरती हातात घेतानाही हा नियम लागू होतो, म्हणून परवाना आधी काढावा. ग्रीन कार्डधारकाला ही अट नाही. आणि परतताना रायफल सामानात टाकून घरी आणता येईल, असं कोणी धरून चालू नये. भारतात शस्त्रासाठी १९५९ च्या कायद्याखाली परवाना लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीचा मार्ग बंद केला आहे.