डासांची चाहूल देणारा काळा डबा

जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील बेलसर या गावी महाराष्ट्रातील झिका रोगाचा पहिला रुग्ण आढळला. झिका, डेंग्यू व चिकुनगुन्या हे तिन्ही रोग पसरविणारा मुख्य डास एकच, तो म्हणजे एडिस इजिप्ती. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा, म्हणजे शाळेच्याच वेळात, चावतो. गावात तापाची साथ येण्यापूर्वीच त्याचा सुगावा लागावा, अशी सोय अल्प खर्चात करता येते.

या जातीची मादी साठलेल्या पाण्याच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर बाजूस अंडी चिकटविते. काळी, सावलीतील भांडी तिला विशेष प्रिय असतात. या सवयीचा उपयोग करून सन १९६५ च्या सुमारास अमेरिकेतील संशोधकांनी अंड्यांचा सापळा योजिला.

कृती : अर्धा लिटर पाणी मावेल असा टाकाऊ डबा घेऊन त्यास आतून-बाहेरून काळा रंग द्यावा. पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी वरच्या भागात एक छिद्र पाडावे. छिद्राच्या खालपर्यंत पाणी भरून आत खरबरीत लाकडी पट्टी उभी ठेवावी व डबा सावलीत जमिनीवर ठेवावा.

दर आठवड्यास ठरलेल्या वारी पट्टी काढून भिंगातून पाहावी. सुमारे एक मिलिमीटर लांबीची काळी अंडी दिसतील. दहा डब्यांपैकी चारांत अंडी आढळल्यास प्रमाण शेकडा ४० झाले. हे आकडे वर्गातील फलकावर मांडावेत. प्रमाण वाढू लागताच आरोग्यसेवकास कळवावे. मात्र अंडी आढळली नाहीत, म्हणून निर्धास्त राहू नये. परिसरात उघडे हौद व जुने टायर पुष्कळ असल्यास मादी तिकडेही जाते.

एक गोष्ट शिक्षकबंधूंनी व भगिनींनी कटाक्षाने ध्यानात ठेवावी. अंड्यापासून डास होण्यास सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून दर आठवड्यास पाणी कोरड्या जमिनीवर ओतावे, डबा आतून घासावा व पट्टी उकळत्या पाण्यात बुडवावी. नुसते वाळविल्याने भागत नाही, कारण कोरडी अंडीही कित्येक महिने जिवंत राहतात. दीर्घ सुटीपूर्वी सर्व डबे रिकामे करून, घासून पालथे घालावेत. विसरलेला सापळा हा सापळा राहत नाही. तो डासांचा पाळणा होतो.

डबा केवळ इशारा देतो. साठलेले पाणी दूर करण्याचे काम आपणा सर्वांचेच आहे.