हवेने भरलेली नळी आणि चिकूचे फूल

सरावलीपासून घोलवड-बोर्डीपर्यंतच्या पट्ट्यात चिकूच्या बागा जागोजाग दिसतात. २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही या बागांत रोज वावरणाऱ्या मुलांना एक प्रश्न विचारून पाहा : चिकूच्या फुलाची कड किती पाळ्यांत विभागलेली असते? बहुतेक जण विचारात पडतील. चिकू सर्वांच्या ओळखीचा, पण त्याचे फूल पानांच्या झुबक्यात दडलेले, पांढरट आणि जेमतेम १ सेंटीमीटरचे. त्याच्या सहा पाळ्या आणि त्यांतून बाहेर डोकावणारी कुक्षी नीट पाहायची, तर ते मोठे करून पाहावे लागते.

अशा वेळी कॅमेरा उपयोगी पडेल असे तुम्हांला वाटेल. समजा, एखाद्या छायाचित्रकाराकडे माणसांचे चेहरे टिपण्यासाठी वापरतात ते ८५ मि.मी. नाभीय अंतराचे भिंग, म्हणजेच पोर्ट्रेट लेन्स, आहे. हे भिंग साधारणपणे पाऊण ते एक मीटरपेक्षा जवळच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा देत नाही. तेवढ्या अंतरावरून १० मि.मी.च्या फुलाची प्रतिमा होते सुमारे १.२ मि.मी.ची! ३६ × २४ मि.मी.च्या चौकटीत ती एखाद्या ठिपक्यासारखी दिसणार.

मग महागडे खास मॅक्रो भिंग घ्यायलाच हवे का? नाही. भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक पोकळ नळी बसवली तरी काम भागते. या नळीला एक्स्टेन्शन ट्यूब म्हणतात. तिच्यात काच नसते, असते ती फक्त हवा. मग नुसत्या हवेने प्रतिमा मोठी कशी होते?

याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे. चिन्हांचा विचार बाजूला ठेवून केवळ अंतरे घेतली, तर बहिर्गोल भिंगासाठी १/नाभीय अंतर = १/वस्तूचे अंतर + १/प्रतिमेचे अंतर. वस्तू फार दूर असेल, तर प्रतिमा नाभीपाशी पडते. वस्तू जवळ आणावी तसतशी प्रतिमा भिंगापासून मागे सरकते. कॅमेऱ्याचे कडे फिरवून ८५ मि.मी.चे भिंग साधारण १० मि.मी. पुढे येते. तेवढीच त्याची मर्यादा. नळी ही मर्यादा ओलांडून देते.

विशालन म्हणजे प्रतिमेचे अंतर भागिले वस्तूचे अंतर. वरचे सूत्र यात घालून पाहा, म्हणजे एक सोपा नियम हाती येतो : भिंग नाभीय अंतरापेक्षा जितके पुढे सरकले, त्याला नाभीय अंतराने भागले की विशालन मिळते. बाजारात १२, २० आणि ३६ मि.मी.च्या तीन नळ्यांचा संच मिळतो. तिन्ही जोडल्या की ६८ मि.मी. होतात. ६८ भागिले ८५ म्हणजे ०.८. आता आपल्या फुलाची प्रतिमा ८ मि.मी.ची झाली!

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “सर, ५० मि.मी.चे भिंग घेतले तर ४० मि.मी.ची नळीही पुरेल. मग पोर्ट्रेट लेन्स कशाला?” प्रश्न अगदी बरोबर आहे. पण वस्तूचे अंतर काढून पाहा. ०.८ विशालनासाठी ५० मि.मी.च्या भिंगापासून फूल सुमारे ११ सें.मी.वर ठेवावे लागते, तर ८५ मि.मी.च्या भिंगापासून ते १९ सें.मी.वर चालते. या जास्तीच्या ८ सें.मी.त दोन गोष्टी साधतात. फुलावर भिंगाची सावली पडत नाही आणि फुलावर बसलेला कीटक बिचकून उडण्याचा संभवही कमी होतो.

निसर्ग मात्र फुकट काही देत नाही. प्रतिमा मोठी झाली की तोच प्रकाश अधिक जागेवर पसरतो. ०.८ विशालनाला प्रकाश १.८ च्या वर्गाने, म्हणजे सुमारे सव्वातीन पट, कमी होतो. म्हणून उघडझाप जास्त वेळ चालू ठेवावी, तर समुद्रावरचा वारा फूल हलवतो. सेकंदाला १५ मि.मी. वेगाने हलणारे फूल १/३० सेकंदात अर्धा मि.मी. सरकते आणि चित्र पुसट होते. यावर उपाय म्हणजे पांढऱ्या कागदाआडून मारलेला फ्लॅश. त्याचा लखलखाट इतका क्षणिक असतो, की फुलाला हलायला वेळच मिळत नाही.

दुसरी अडचण क्षेत्रखोलीची. एफ/८ अ‍ॅपर्चरला पुढून मागे जेमतेम १.३ मि.मी.चा थर स्पष्ट दिसतो. एफ/१६ केल्यास तो दुप्पट होतो, पण त्याबरोबर विवर्तनाने प्रत्येक बिंदूची ०.०४ मि.मी.ची चकती होऊन सारेच चित्र किंचित मऊ पडते. तेव्हा मध्यम अ‍ॅपर्चर घ्यावे आणि कडे फिरवण्याऐवजी सबंध कॅमेराच हळूहळू पुढे-मागे करून फोकस साधावा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आजच्या अनेक भिंगांचे अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याकडून येणाऱ्या विजेच्या संकेतावर चालते. साध्या नळीत ती जोडणी नसते. त्यामुळे अशा नळीबरोबर हाताने अ‍ॅपर्चर बदलता येणारे जुने भिंगच सोयीचे.

हा सारा खटाटोप केवळ सुंदर चित्रासाठी नव्हे. चिकूचे बी पोखरणारी एक अळी आहे. ती आत बी खात असते तेव्हा फळ वरून निरोगीच दिसते. पूर्ण वाढलेली अळी गर आणि साल पोखरून बाहेर पडते, तेव्हा कोठे ते छिद्र बागायतदाराला दिसते आणि तोवर फळ विक्रीतून बाद झालेले असते. कळ्या पोखरणारी अळी निराळी. कोणती कीड आहे हे न ओळखता फवारलेले औषध म्हणजे वाया गेलेला पैसा, आणि शिवाय उपयोगी कीटकांचाही नाश. कळीवरच्या बारीक अळीचे किंवा पानावर बसलेल्या पतंगाचे स्पष्ट छायाचित्र, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून घेतलेले, कोसबाडच्या कृषि विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना दाखवता आले, तर किडीची ओळख पटवणे किती सोपे होईल!

कॅमेरा नसेल तर निराश होऊ नका. शाळेच्या प्रयोगशाळेतील १० सें.मी. नाभीय अंतराचे बहिर्गोल भिंग, मेणबत्ती आणि पांढरा कागद घ्या. ज्योत भिंगापासून २० सें.मी.वर ठेवा. कागदावर तिची तेवढ्याच आकाराची उलटी प्रतिमा पलीकडे २० सें.मी.वर पडेल. आता ज्योत १५ सें.मी.वर आणा. कागद ३० सें.मी.पर्यंत मागे न्यावा लागेल आणि प्रतिमा दुप्पट होईल. शिक्षकांनी हा प्रयोग करून घेताना मुलांना आधी गणित करायला लावावे आणि मग कागद सरकवू द्यावा. भिंग तेच, ज्योत तीच. बदलले ते केवळ अंतर. नळीतली हवा नेमके हेच काम करते.