थेट प्रक्षेपणाचे जतन व फाइलीची बांधणी

श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. अशा सोहळ्याच्या थेट प्रक्षेपणाचे चित्रमुद्रण चालू असता तिसऱ्या तासाला वीज गेली, तर आधीचे मुद्रण हाती राहील की तेही गमवावे लागेल? याचे उत्तर बव्हंशी फाइलीच्या बांधणीवर अवलंबून असते.

चित्रफाइलीत दोन गोष्टी निराळ्या मानाव्या लागतात. चित्र व ध्वनी यांचे संक्षिप्त संकेतन ही एक आणि ते संकेत कालक्रमाने बांधणारे वेष्टन ही दुसरी. येथे विचार वेष्टनाचा आहे. सर्वपरिचित एमपी-४ वेष्टनात कोणते चित्र कोठे आहे व ते केव्हा दाखवावयाचे, याची सूची असते. मुद्रण संपल्याखेरीज ती पुरी होत नाही. म्हणून ती सामान्यतः अखेरीस लिहिली जाते. मुद्रण मध्येच तुटले, तर चित्रे साठलेली असूनही सूचीअभावी फाइल उघडत नाही.

‘ट्रान्सपोर्ट स्ट्रीम’ ही बांधणी याच्या उलट होय. प्रेक्षक प्रक्षेपणात केव्हाही येऊन मिळेल, हे गृहीत धरूनच ती रचलेली आहे. तिच्यात १८८ बाइटांचे सारखे तुकडे असून प्रत्येकाच्या आरंभी एकच ठरावीक खूण असते. प्रवाह तुटला, तरी तोवरचा भाग वाचता येतो. मात्र प्रत्येक तुकड्यातील किमान ४ बाइट शीर्षकात खर्ची पडतात व सूची नसल्याने हवा तो क्षण शोधणे कष्टाचे होते. शिवाय तिचे कालमापक ३३ बिटांचे असून सेकंदाला ९०,००० ठोके मोजते. सुमारे साडेसव्वीस तासांनी ते पुन्हा शून्यावर येते. शिर्डीच्या साईमंदिरातील दर्शनासारखे दीर्घ प्रक्षेपण खंड न पाडता टिपावयाचे झाल्यास ही मर्यादा ध्यानात ठेविली पाहिजे.

ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत प्रवाहाचे काही सेकंदांचे खंड पाडून त्यांची यादी ठेवितात. थेट दर्शनात जुने खंड यादीतून गाळले जातात. ते न गाळता जपले, तर त्याच यादीवरून पुनर्दर्शन साधते. मॅट्रोस्का व खंडशः लिहिलेले एमपी-४ या बांधण्यांतही माहिती टप्प्याटप्प्याने लिहिली जात असल्याने अपघाताने केवळ अखेरचा अंश गमावतो.

तात्पर्य, मुद्रणाची व संग्रहाची गरज एक नव्हे. मुद्रण खंडास तोंड देणाऱ्या वेष्टनात करावे. ते संपल्यावर तेच संकेत एमपी-४ मध्ये बांधावेत. यात पुनःसंकेतन होत नसल्याने चित्राचा दर्जा उतरत नाही. नवी प्रत आरंभापासून अखेरपर्यंत तपासून होईतो मूळ फाइल मात्र पुसू नये.