सीडीची खरी नाजूक बाजू

सीडी हातात आली की आपण आधी तिची चकचकीत बाजू उजेडात तिरकी धरतो आणि चरे शोधतो. वरची, नाव छापलेली बाजू मात्र टेबलावर खुशाल पालथी टाकतो, तिच्यावर बॉलपेनाने ‘मुंज २००४’ असं दाबून लिहितो, हौस असेल तर गणपतीचं स्टिकरही चिकटवतो. काळजी घेण्याची ही पद्धत बरोबर उलटी आहे.

सीडीची जाडी १.२ मिलीमीटर. तिचा जवळजवळ सगळा भाग पॉलिकार्बोनेट नावाचं पारदर्शक प्लॅस्टिक असतं. माहितीचे सूक्ष्म खळगे या प्लॅस्टिकच्या वरच्या अंगाला, म्हणजे नावाच्या बाजूला असतात. त्यांच्यावर अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा, त्यावर काही मायक्रॉन जाडीचा लाखेसारखा थर आणि त्यावर छपाई. वर ठेवलेली माहिती आणि बॉलपेनाचं टोक यांच्यामध्ये एवढंच काय ते संरक्षण. खालून येणाऱ्या लेसरला मात्र एक मिलीमीटरहून जास्त प्लॅस्टिक पार करावं लागतं.

हे अंतर मुद्दाम ठेवलेलं आहे. लेसरचा झोत खालच्या पृष्ठभागावर शिरताना पाऊण मिलीमीटरच्या आसपास रुंद असतो आणि खळग्यांपाशी पोचेपर्यंत जेमतेम दीड-दोन मायक्रॉनवर येतो. त्यामुळे पृष्ठभागावरची धूळ किंवा बारीक चरा त्याच्या दृष्टीने धूसर राहतो. खिडकीच्या जाळीतून लांबचं झाड पाहताना जाळी दिसेनाशी होते तसा. शिवाय मदतीला गणित आहे. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोघांनी १९६० मध्ये मांडलेली चुका दुरुस्त करण्याची सांकेतिक पद्धत सीडीत वापरली आहे. माहितीचे तुकडे एकमेकांत विणून खळग्यांच्या रेघेवर लांब पसरवलेले असतात, त्यामुळे रेघेच्या दिशेने सलग अडीच मिलीमीटरपर्यंतचा मजकूर गेला तरी प्लेअर तो गणिताने पुन्हा उभा करतो.

सीडी पुसण्याचा नियमही यातूनच निघतो. रेघ आतून बाहेर गोल गोल वळत जाते, म्हणून मऊ सुती कापड मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ ओढायचं. तसं करताना चरा पडलाच तर तो प्रत्येक वळणाला क्षणभर आडवा जातो. गोल फिरवून पुसलं तर तोच चरा एका वळणाच्या अंगाला लांबवर चिकटून राहतो आणि दुरुस्तीची मर्यादा ओलांडतो.

डीव्हीडीची गोष्ट वेगळी. तिथे ०.६ मिलीमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती मधोमध असते. वरून तिला धोका कमी, पण वाकवलेलं तिला सोसत नाही. डबीतून काढताना मधली खुंटी न दाबता कडेला धरून ओढलं की चकती कमानीसारखी वाकते आणि जोडावर ताण येतो. ब्लू-रेमध्ये माहिती खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलीमीटरवर असते, त्यामुळे तिच्या खालच्या अंगाला मुद्दाम टणक लेप दिलेला असतो.

चऱ्यांचा बंदोबस्त तंत्रज्ञांनी असा चोख केला. राहिलं रसायनशास्त्र, आणि घरातल्या सीडी मरतात त्या बहुधा त्याच्याच हातून.

कारखान्यात ठशाने छापलेल्या सीडीत निदान खळगे तरी कायमचे असतात. घरी किंवा स्टुडिओत राइट केलेल्या सीडीत खळगेच नसतात. तिथे सेंद्रिय रंगाचा एक थर असतो आणि लेसर तो जागोजाग तापवून त्याचा गुणधर्म बदलतो. आपल्या लग्नामुंजींच्या सीडी म्हणजे खरं तर रंगात काढलेली चित्रं, आणि रंग उन्हात विटतो. त्यातही सायनीन जातीचा रंग प्रकाशाला लवकर बळी पडतो. थॅलोसायनीन जास्त टिकाऊ. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीत रंगाऐवजी मिश्रधातूचा थर असतो, पण जपून ठेवायच्या गोष्टींसाठी ती निवडूच नये.

वरचा परावर्तक थरही आपल्या परीने कुजतो. अॅल्युमिनियमपर्यंत हवा आणि ओल पोचली की ते गंजतं, राइट करायच्या सीडीतली चांदी गंधकाने काळवंडते. सोनं तेवढं गंजत नाही, म्हणून संग्रहासाठीच्या महागड्या सीडींना सोन्याचा मुलामा देत. गंधक येतं कुठून? इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न इथल्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या दरम्यान तयार झालेल्या कित्येक सीडी काही वर्षांत कडेपासून तपकिरी पडत गेल्या. संरक्षक लाख कमी पडली होती आणि गंधक आलं होतं सीडीसोबतच्या छापील पुस्तिकेच्या कागदातून. जपण्यासाठी घातलेल्या वेष्टणानेच घात केला.

याहून विलक्षण उदाहरण मध्य अमेरिकेतल्या बेलीझचं. त्या उष्ण, दमट देशातून आलेल्या एका सीडीचा काही भाग रंग जाऊन पारदर्शक झाला होता. माद्रिदच्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयातल्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये त्याचं कारण शोधलं: जिओट्रायकम ही बुरशी. ती कडेने आत शिरली होती आणि तिने अॅल्युमिनियमसकट प्लॅस्टिकही पोखरलं होतं. हा अपवाद होता, घाबरून जाण्याचं कारण नाही. तरी कोकणातल्या ज्या घरात आषाढात चपलांवर आणि चामड्याच्या पट्ट्यांवर बुरशी चढते, तिथे सीडीचा अल्बम कुठे ठेवलाय ते एकदा पाहावंच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत दीर्घकाळ साठवणुकीसाठी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली आहे. मुंबईत जुलैची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंश गाठतो. म्हणजे हे आकडे आपल्यासाठी नाहीत. आपण जमेल तेवढं त्यांच्या जवळ जायचं. पत्र्याखालचा माळा, टीव्हीचा माथा, उन्हाची भिंत या जागा बाद. घराच्या आतल्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाचा मधला कप्पा उत्तम. प्रत्येक सीडी तिच्या कडक डबीत, पुस्तकांसारखी उभी. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांचे अल्बम जागा वाचवतात, पण उकाड्यात ते पृष्ठभागाला चिकटू शकतात. डांबरगोळ्यांच्या शेजारी सीडी नको. त्यांच्या वाफेने डबीचं प्लॅस्टिकही मऊ पडतं.

डब्या घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. मात्र डबा थंडीच्या कोरड्या दिवसात भरावा. जुलैत झाकण लावलं तर जुलैची हवाच आत कोंडली जाते. फ्रिजमध्ये सीडी ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका: बाहेर काढताच तिच्यावर दव धरतं.

‘शंभर वर्षं टिकेल’ असं वेष्टणावर छापलेलं असतं, ते शंभर वर्षं वाट पाहून ठरवलेलं नसतं. सीडी ८० अंशांच्या आसपास, भरपूर दमट पेटीत आठवडेच्या आठवडे ठेवतात, चुका किती वाढल्या ते मोजतात आणि त्यावरून खोलीच्या तापमानाचा हिशोब मांडतात. पद्धत शास्त्रीय आहे, पण मध्ये येणाऱ्या दिवाळीच्या साफसफाया त्यात धरलेल्या नसतात. शिवाय चुका दुरुस्त करणारं ते सुंदर गणित इथे फसवं ठरतं. थर विटत असताना ते सगळं सावरून घेतं, चित्र स्वच्छ दिसत राहतं आणि मर्यादा संपली की सीडी अचानक अडखळू लागते. व्हीसीडीमध्ये तर जास्त चित्रफीत मावावी म्हणून दुरुस्तीची एक पायरीच गाळलेली असते.

आणि चकती धडधाकट असली तरी ती वाचणार कशावर? बीबीसीने १९८६ मध्ये, १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या इंग्लंडच्या पाहणीला ९०० वर्षं झाली म्हणून, नवी पाहणी करून लेसरडिस्कवर नोंदवली. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रं इतकी दुर्मीळ झाली की लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांना जुन्या संगणकाची नक्कल करणारी प्रणाली बनवावी लागली. चर्मपत्रावरची १०८६ ची नोंद तोवर वाचता येत होतीच. आपल्याकडे लॅपटॉपमधून ड्राइव्ह केव्हाच गेला. सोनीने लिहिण्यायोग्य ब्लू-रे चकत्यांचं उत्पादनही फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं.

म्हणून यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतोय तोवर घ्यावा आणि उतरवून घेण्याचा क्रम नीट लावावा. घरी किंवा स्टुडिओत राइट केलेल्या, पुन्हा कुठेही न मिळणाऱ्या सीडी आधी. विकत घेतलेल्या सिनेमा-नाटकांच्या छापील सीडी नंतर, वेळ उरला तर. एखादी सीडी एका ड्राइव्हवर वाचली नाही तर लगेच टाकू नका; खालची बाजू पुसून ती दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा, प्रत्येकाच्या लेसरची पकड थोडी वेगळी असते. उजेडासमोर धरल्यावर नावाच्या बाजूने टाचणीच्या टोकाएवढी भोकं चमकली, तर ती सीडी रांगेत सर्वांत पुढे घ्या.