आधी तपासणी समुपदेशकाची!

समुपदेशकाच्या खोलीत कुणीतरी येतं, खुर्चीत बसतं आणि बोलू लागतं. “मी काल…” पुढे काय? ‘गेलो’ की ‘गेले’? बंगालीत हा पेचच पडत नाही. तिथलं क्रियापद बोलणारी व्यक्ती बाई की पुरुष, याची वाच्यता करत नाही. मराठीत मात्र पहिल्याच वाक्याला निवाडा! मग जी व्यक्ती स्वतःला केवळ स्त्री किंवा केवळ पुरुष मानत नाही, त्या नॉन-बायनरी व्यक्तीने बोलायचं कसं?

गंमत म्हणजे पळवाटाही मराठीतच आहेत. ‘मी येईन’, ‘मला वाटतं’, ‘माझं जाणं झालं’ यांतून काहीच उघड होत नाही. कोल्हापूरकडे तर बायकाही बिनदिक्कत ‘मी आलो’ म्हणतात! समोरची व्यक्ती सारखी अशा वाक्यांचा आडोसा घेत असेल, तर ते टिपणारा कान हवा. तो तयार कसा होतो?

आधी जुनी पुस्तकं बाजूला सारावी लागतात. जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगाशी न जुळणारी ओळख जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत मानसिक विकारांत मोडत होती. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या नव्या यादीने ती तिथून उचलली आणि लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली. ना गोळी, ना इंजेक्शन. प्रकरण बदललं आणि विकाराचा शिक्का पुसला गेला!

मग अशा व्यक्तींच्या वाट्याला येणारी धास्ती, नैराश्य येतं कुठून? इलान मायर या संशोधकाने २००३ मध्ये समलिंगी आणि उभयलिंगी व्यक्तींबद्दल उत्तर दिलं: टोमणे, नकार आणि सतत लपवत राहण्याचा ताण. पुढे हाच विचार ट्रान्स आणि नॉन-बायनरी व्यक्तींनाही लागू केला गेला. चप्पल चावते तेव्हा दोष पायाचा नसतो!

मुंबईच्या ‘मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह’चा समुपदेशकांसाठी याच विषयाचा एक अभ्यासक्रम आहे. तिथे शिकवतात कोण? स्वतः क्विअर (म्हणजे लैंगिक कल किंवा लिंगओळख रूढ चौकटीत न बसणारे) आणि ट्रान्स असलेले समुपदेशक! कालपर्यंत ज्यांची ‘केस’ लिहिली जायची, ते आज फळ्यापाशी उभे आहेत. आणि तपासायची असतात ती आपलीच गृहीतकं.

याहून थक्क करणारी गोष्ट मद्रास उच्च न्यायालयातली. एका समलिंगी जोडप्याचा खटला समोर आला, तेव्हा न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश आधी स्वतःच मानसशास्त्रज्ञापुढे शिकायला बसले. मग ७ जून २०२१ रोजी त्यांनी आदेश दिला, की लैंगिक कल किंवा लिंगओळख ‘बरी’ करण्याचे उपचार बंद. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही असे उपचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

न्यायाधीश शिकू शकतात, तर आपल्याला काय अवघड आहे? ‘आलो’ म्हणायचं की ‘आले’, हे ज्याचं त्याला ठरवू द्या. कळत नसेल तर सरळ विचारा. आणि उत्तर मिळालं की तेच वापरा.