परदेशात पाहुणा मोबाइल

अशी कल्पना करा की तुमची ताई सर्न ही अणुगर्भातील कणांचा अभ्यास करणारी प्रसिद्ध प्रयोगशाळा पाहण्यासाठी जिनीव्हाला गेली आहे. विमानातून उतरल्यावर तिने मोबाइल चालू केला. थोड्याच वेळात पडद्यावर एका स्विस कंपनीचे नाव उमटले आणि लगेच घंटी वाजली. आईने नाशिकहून ताईचा नेहमीचाच दहा आकडी क्रमांक लावला होता! दोघी दहा मिनिटे बोलल्या. पण त्या दहा मिनिटांचे पैसे कापले गेले ते ताईच्या खात्यातून.

आता दोन प्रश्न उभे राहतात. हजारो किलोमीटर दूर गेलेल्या ताईचा पत्ता कसा लागला? आणि फोन आईने केला असताना ताईला भुर्दंड का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट समजले की दुसऱ्याचे आपोआप समजते. एवढेच नव्हे, तर परदेशात मोबाइल स्वस्तात कसा वापरावा हेही कळते.

ओळख पटते कशी?

मोबाइलमधील सिम म्हणजे नुसता पत्र्याचा तुकडा नव्हे. तो एक चिमुकला संगणक आहे. त्यात साधारणपणे पंधरा आकड्यांची एक ओळखसंख्या असते. तिचे पहिले तीन आकडे देश दाखवतात. भारतासाठी ४०४ आणि ४०५, स्वित्झर्लंडसाठी २२८, तर फ्रान्ससाठी २०८. ताईच्या मोबाइलने ही संख्या कळवताच स्विस जाळ्याला समजते की हा पाहुणा भारतातला आहे. पण तो खरा कशावरून? आणि त्याचे पैसे कोण भरणार?

म्हणून स्विस जाळे ताईच्या भारतातील कंपनीकडे विचारणा करते. ह्या कंपनीला आपण ‘घरचे जाळे’ म्हणू, आणि स्विस कंपनीला ‘यजमान जाळे’. प्रत्येक सिममध्ये एक गुप्त संख्या असते. ती सामान्यतः १२८ द्विमान अंकांची, म्हणजे आपल्या दशमान पद्धतीत ३९ आकड्यांपर्यंतची असते. तिची प्रत फक्त घरच्या जाळ्यापाशी असते. घरचे जाळे एक कोडे आणि त्याचे उत्तर यजमानाकडे पाठवते. यजमान फक्त कोडे सिमला घालतो. सिम आपली गुप्त संख्या वापरून ते सोडवते. दोन्ही उत्तरे जुळली की ओळख पटली! गंमत अशी की गुप्त संख्या स्वतः कधीच प्रवास करीत नाही. त्यामुळे ती वाटेत चोरता येत नाही.

ह्याच वेळी घरचे जाळे आपल्या नोंदवहीत टिपून ठेवते, की ‘ही ग्राहक सध्या स्वित्झर्लंडमध्ये आहे’. आईचा फोन आधी ह्या नोंदवहीपाशी येतो आणि तेथून जिनीव्हाकडे वळवला जातो. ह्या सोयीला रोमिंग म्हणतात. दोन देशांतील कंपन्यांमधला अशा प्रकारचा पहिला करार १९९२ साली टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनची व्होडाफोन यांच्यात झाला.

पैसे अंतराचे की कराराचे?

आईने पैसे दिले ते देशातल्या फोनचे. ताई परदेशात आहे हे तिच्या फोनला ठाऊकही नसते. भारत ते जिनीव्हा हा पुढचा टप्पा ताईमुळे वाढला, म्हणून त्याचे पैसे ताईकडून घेतात. आणखी एक उदाहरण घ्या. ताई आणि तिची मैत्रीण सर्नच्या दारात दहा पावलांवर उभ्या आहेत व दोघींकडे भारतीय सिम आहेत. ताईने मैत्रिणीला फोन लावला, तर तो मैत्रिणीच्या घरच्या जाळ्यापर्यंत भारतात जातो आणि पुन्हा जिनीव्हाला परततो. दहा पावलांसाठी दोन खंडांची फेरी, आणि पैसे दोघींचे! इंटरनेटवरील माहितीही बहुधा हाच वळसा घेते.

तुम्ही म्हणाल, एवढे अंतर कापायचे तर खर्च येणारच. पण गणित करून पाहा. मुंबई ते जिनीव्हा सरळ अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका खेपेला सेकंदाचा तिसावा भागही पुरतो! मोठ्या रकमेचे खरे कारण अंतर हे नव्हे. यजमान जाळे घरच्या जाळ्याकडून ठरलेला दर घेते, घरचे जाळे त्यात आपली भर घालते आणि बेरीज ग्राहकापुढे येते.

ह्याचा पुरावा युरोपातच मिळाला. युरोपीय संघातील देशांत फिरणाऱ्या तेथील ग्राहकांकडून, काही वाजवी मर्यादेत, घरच्याच दराने पैसे घ्यावेत असा नियम १५ जून २०१७ पासून लागू झाला. मनोरे तेच राहिले, तारा त्याच राहिल्या; पण जादा आकार नाहीसा झाला. २०२२ साली ह्या नियमाची मुदत २०३२ पर्यंत वाढवण्यात आली.

मग स्वस्त वाट कोणती?

आता उपाय तुम्हीच सांगू शकाल. पाहुणेपणाचे पैसे पडतात ना? मग एक तर पाहुणेपणाचा दर आधी ठरवून घ्यावा, किंवा पाहुणे होऊच नये.

पहिली वाट म्हणजे घरच्या कंपनीचे रोमिंग पॅक निघण्यापूर्वी घेणे. त्यात कोणते देश येतात आणि दिवस कोणत्या घड्याळाने मोजतात, हे वाचून घ्यावे.

दुसरी वाट म्हणजे तेथील सिम किंवा ई-सिम घेणे. ई-सिममध्ये चकती बदलावी लागत नाही. मोबाइलमध्येच बसवलेल्या चिपवर नवी ओळखसंख्या आणि गुप्त संख्या उतरवून घेता येते. मात्र मोबाइल एकाच कंपनीच्या सिमला बांधलेला नसावा. भारतीय सिम बँकेचे संदेश येण्यासाठी चालू ठेवावे, पण त्याचे ‘डेटा रोमिंग’ बंद करावे आणि त्यावरचे फोन उचलू नयेत.

तिसरी वाट वाय-फायची. विमान-स्थिती चालू करून फक्त वाय-फाय सुरू केले, की मोबाइल कोणाचाच पाहुणा राहत नाही. इंटरनेटवरून बोलता येते. नकाशे आधीच उतरवून ठेवावेत. जी. पी. एस. साठी इंटरनेट लागत नाही; सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचे संदेश मोबाइल नुसते ऐकतो आणि आपले स्थान काढतो.

सीमेवर सावधान!

सर्नचा परिसर फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवर आहे. तिचा २७ किलोमीटर परिघाचा भूमिगत बोगदा ही सीमा ओलांडतो. रेडिओलहरीही तशाच, त्यांना पारपत्र लागत नाही! त्यामुळे जिनीव्हात उभ्या असलेल्या ताईचा मोबाइल फ्रान्समधला मनोराही पकडू शकतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही आणि वरचा नियम त्याला लागू नाही. म्हणून फक्त फ्रान्सपुरते किंवा फक्त स्वित्झर्लंडपुरते पॅक घेतले असेल, तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन जाळे स्वतः निवडावे. विमाने आणि जहाजे यांवरील उपग्रहाद्वारे चालणारी जाळी तर फारच महाग असतात. तेथे विमान-स्थितीच बरी.

गणित करून पाहा

मेगाबिट प्रति सेकंद हा वेग गुणिले सेकंद भागिले ८, म्हणजे मेगाबाइट. चांगल्या प्रतीची चित्रफीत सेकंदाला ५ मेगाबिट घेते असे धरले, तर मिनिटाला साडेसदतीस मेगाबाइट होतात. नुसते बोलणे मिनिटाला सुमारे अर्ध्या मेगाबाइटमध्ये भागते. ताई दहा दिवस राहणार आहे. रोज २० मिनिटे बोलणे आणि १० मिनिटे चित्रफीत पाहणे, यांना एकूण किती मेगाबाइट लागतील? उत्तर ३,८५० आले का? आता त्यांतले १०० फक्त बोलण्याचे आहेत, हे ध्यानात घ्या. मग वाय-फायसाठी काय राखून ठेवायचे, हे ताईला तुम्हीच सांगा.