सवीर्यता अवधी आणि पेटंटची मुदत : दोन भिन्न गोष्टी

'पेटंट संपले' आणि 'औषधाची मुदत संपली' ही दोन वाक्ये गिरड परिसरातील अनेक रुग्ण एकाच अर्थाने घेतात. काही औषधविक्रेत्यांच्या बोलण्यातही हा गोंधळ आढळतो. परिणामी चांगले औषध नाकारले जाते आणि हीनवीर्य औषध निःशंकपणे दिले जाते. म्हणून हा भेद स्पष्ट करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पेटंट हा संशोधकाचा कायदेशीर हक्क होय. भारतात अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षे तो टिकतो. त्यानंतर इतर उत्पादकही तेच औषध बनवू शकतात. मधुमेहावरील सिटाग्लिप्टिनचे पेटंट जुलै २०२२ मध्ये संपले. त्यामुळे औषधाच्या गुणात काही उणे झाले नाही, ते स्वस्त मात्र झाले.

आपल्या दुकानातील आयुर्वेदीय 'पेटंट औषध' ही तिसरीच गोष्ट आहे. प्रमाणग्रंथांतील द्रव्ये घेऊन उत्पादकाने स्वतः योजलेल्या योगास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा ही संज्ञा देतो. त्या योगावर पेटंट असतेच असे नाही. पारंपरिक ज्ञान तर भारतीय कायद्यानुसार पेटंटयोग्यच नाही. अमेरिकेत १९९५ साली हळदीच्या व्रणरोपण गुणावर दिले गेलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले. आपल्याच समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीस २०१६ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकनही पेटंट नव्हे. ते नावाचे संरक्षण आहे.

आता सवीर्यता अवधीकडे वळू. शार्ङ्गधरसंहितेनुसार चूर्ण दोन महिन्यांनी, तर गुटिका व अवलेह एका वर्षाने हीनवीर्य होतात. आसव, धातू व रसकल्प मात्र जुने होतील तसे अधिक गुणवान ठरतात. औषध नियमावलीतील नियम १६१-ब च्या २०१६ मधील सुधारणेनुसार अर्कास १ वर्ष, चूर्ण व घृतास २ वर्षे, तैल व अवलेहास ३ वर्षे आणि आसवारिष्टास १० वर्षे अवधी आहे.

चूर्णाचे दोन महिने आणि दोन वर्षे यांत विरोध वाटतो. आमच्या मते हा फरक मुख्यतः साठवणीचा आहे. वेष्टनावरील दिनांक हवाबंद व योग्य रीतीने ठेवलेल्या औषधापुरता असतो. डबा उघडून पुड्या बांधल्या की ते संरक्षण संपते. विदर्भातील उन्हाळ्याचा ताप आणि पावसाळ्यातील ओल त्यात भर घालतात. लवणभास्करासारखे चूर्ण तर लगेच ओलावा धरते.

यास्तव वैद्यबंधूंनी डबा उघडल्याचा दिनांक त्यावर लिहावा, चूर्णे लहान वेष्टनांत घ्यावीत आणि सुटे चूर्ण दोन महिन्यांत संपवावे. औषधविक्रेत्यांनी आधी मुदत संपणारा माल पुढे ठेवावा व मुदतबाह्य माल वेगळा काढावा. रुग्णास एवढेच सांगावे : पेटंट संपलेले औषध खुशाल घ्या; दिनांक उलटलेले घेऊ नका.